ठिपके कोळ्यांचे की संशोधकांचे?

ऑक्टोबरमधील गोष्ट. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरी या गावी, एका शाळेत कोळ्यांविषयी बोलण्याचा योग आम्हांस आला. सोबत भारताचा एक मोठा नकाशा नेला होता. लांडगा कोळ्यांच्या कुलातील जाती कोठे कोठे नोंदल्या गेल्या आहेत, हे त्यावर लाल ठिपक्यांनी दाखविले होते. छापील ग्रंथ आणि शोधनिबंध चाळून हा नकाशा आम्हीच तयार केला होता. पुण्याभोवती ठिपक्यांची दाटी होती, कोलकात्याच्या परिसरात तशीच, पश्चिम घाटावर बऱ्यापैकी आणि मराठवाड्यात जवळजवळ मोकळी जागा.

व्याख्यान संपल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, "सर, मग आमच्याकडं हे कोळी नाहीतच का?"

आम्ही सवयीने उत्तर दिले, "तशी नोंद नाही." उत्तर खोटे नव्हते; पण मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. त्याच दिवशी अंधार पडल्यावर काही विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना घेऊन आम्ही गावाबाहेरच्या एका शेताच्या बांधावर गेलो. सोयाबीन निघाले होते, शेजारच्या रानात कापूस फुटू लागला होता. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून जमिनीवर प्रकाश टाकताच गवतात आणि ढेकळांमध्ये हिरवट निळे बारीक ठिपके लुकलुकू लागले. ते लांडगा कोळ्यांचे डोळे होते. दहा मिनिटांत मोजणी तिशीच्या पुढे गेली. नकाशावर मात्र त्या जागी एकही ठिपका नव्हता.

प्राण्यांच्या विविधतेविषयी व वितरणाविषयी आपण ज्या याद्या आणि नकाशे वाचतो, ते नेमके काय सांगतात? आणि जे सांगत नाहीत, ते सांगितल्यासारखे आपण कसे वाचतो? लांडगा कोळ्यांच्या निमित्ताने याचा परामर्श घेण्याचा या लेखात विचार आहे.

हे कुल कोणते?

प्रथम शब्दांविषयी. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत अनेक जातींची मिळून एक प्रजाती आणि अनेक प्रजातींचे मिळून एक कुल होते. लांडगा कोळ्यांच्या कुलाचे नाव लायकोसिडी. जगात या कुलाच्या दोन हजार चारशेहून अधिक जाती ज्ञात आहेत.

'कोळी म्हणजे जाळे विणणारा प्राणी' अशी आपली समजूत असते. या कुलातील बहुतेक कोळी जाळे विणतच नाहीत. ते जमिनीवर हिंडून किंवा दबा धरून भक्ष्य पकडतात. त्यांचे आठ डोळे तीन ओळींत असतात : खाली चार लहान, त्यावर समोर पाहणारे दोन मोठे आणि मागे आणखी दोन. रात्री चमकतात ते मुख्यतः मागच्या दोन ओळींतले. या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, जसा मांजराच्या किंवा गाईच्या डोळ्यांत असतो. प्रकाश आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून बॅटरी हातात खाली धरली तर चमक दिसत नाही आणि डोळ्यांजवळ धरली तर दिसते. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या मागील टोकाला चिकटवून वागविते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना काही दिवस पाठीवर घेऊन फिरते. या खुणांवरून हे कुल शाळकरी मुलालाही ओळखता येते.

याला अपवाद हिप्पासा या प्रजातीचा. हे कोळी गवतात जमिनीलगत चादरीसारखे जाळे विणतात आणि त्याच्या एका बाजूस नरसाळ्यासारखी नळी करून तिच्या तोंडाशी बसतात. पावसाळा सरल्यावर सकाळच्या दवात ही जाळी बांधाबांधावर पांढरी चमकताना दिसतात. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या कोणी ती पाहिली नसतील असे आम्हांस वाटत नाही.

कुल ओळखणे सोपे असले तरी जात ओळखणे कठीण. रंग आणि नक्षी यांवर भिस्त ठेवता येत नाही. मादीच्या पोटाखालील जननद्वारावर एक कठीण पट्टी असते आणि नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादाचे टोक गुंतागुंतीच्या रचनेचे असते. या दोन अवयवांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच जात ठरते. पिल्लांमध्ये हे अवयव पूर्ण वाढलेले नसतात, म्हणून पिल्लावरून बहुधा जात सांगता येत नाही. पुढील विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

तीन पिढ्यांचे काम

भारतातील लांडगा कोळ्यांची माहिती जमली कशी? आरंभी नमुने येथून जात आणि नावे तिकडे पडत. फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमाँ याने १८८४ मध्ये ब्रह्मदेशातील संग्रहावरून पार्डोसा बर्मॅनिका आणि हिप्पासा ॲजेलेनॉइडिस या जातींचे वर्णन केले. पुढे दोन्ही भारतातही नोंदल्या गेल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक याने १९०० मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेत अष्टपादांचा खंड लिहिला. त्याच्यापुढे होते ते येथील हौशी संग्राहकांनी पाठविलेले नमुने. लायकोसा फिप्सोनाय या जातीच्या नावात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस फिप्सन यांचे नाव आहे, ते यामुळेच.

दुसरी पिढी ग्रेव्हलीची. भारतीय संग्रहालयाच्या नियतकालिकात १९२४ मध्ये त्याने या कुलावर स्वतंत्र निबंध लिहिला. तिसरी पिढी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील बी. के. टिकादर यांची. संस्थेच्या पुणे येथील केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले, पुढे ते संस्थेचे संचालक झाले. १९८० मध्ये 'भारताची प्राणिसृष्टी' या मालिकेतील कोळ्यांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील लायकोसिडी कुलावरील भाग टिकादर आणि मल्होत्रा यांनी मिळून लिहिला आहे.

या ग्रंथाचे मोल प्रथम सांगितले पाहिजे. प्रत्येक जातीचे वर्णन, जननांगांच्या आकृत्या, ओळख पटविण्यासाठी पायरीपायरीची कोष्टके आणि नमुना कोठे सापडला त्याची नोंद हे सर्व एका जागी देणारे भारतीय पुस्तक या कुलासाठी पूर्वी नव्हते. आमच्या पिढीतील कोळ्यांचा प्रत्येक अभ्यासक या पुस्तकाच्या आधारानेच उभा राहिला. तेव्हा पुढील टीका ही ऋण मान्य करून केलेली आहे.

पहिला आक्षेप असा, की या ग्रंथातील अनेक जातींचे वर्णन नर किंवा मादी यांपैकी एकावरूनच केलेले आहे. एका नावाखाली मादी आणि दुसऱ्या नावाखाली नर नोंदला गेला, तर एकच जात यादीत दोनदा मोजली जाते. उलट, सारख्या दिसणाऱ्या दोन जाती एका नावाखाली दडूनही राहू शकतात.

दुसरा आक्षेप प्रजातीच्या चौकटीविषयी. लायकोसा ही प्रजाती लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०४ मध्ये स्थापिली, ती दक्षिण युरोपातील कोळ्याच्या आधारावर. इटलीतील तारांतो गावावरून ज्याला टारांटुला म्हणत तो मूळचा कोळी हाच. भारतातील अनेक मोठे लांडगा कोळी जुन्या रीतीने याच प्रजातीत घातले गेले. खरी लायकोसा भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशाची असून आपल्याकडील अनेक जाती तीत बसणार नाहीत, असे आता बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. पार्डोसा प्रजातीतून काही आशियाई जाती वेगळ्या काढून क्रोनेस्टेट यांनी २०१० मध्ये ड्रापोसा ही नवी प्रजाती केली. टिकादर-मल्होत्रा यांनी वर्णिलेल्या काही जातीही तीत गेल्या. तेव्हा 'भारतात या कुलाच्या इतक्या प्रजाती' हे वाक्य आज छापले तरी उद्या बदलू शकते.

तिसरा आक्षेप आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो ग्रंथापेक्षा ग्रंथ वाचणाऱ्यांवर अधिक आहे. लायकोसा पूनाएन्सिस, लायकोसा महाबळेश्वरेन्सिस ही १९८० मधील नावे पाहावीत. पुण्यात काम करणारा शास्त्रज्ञ पुण्याच्या आसपास आणि महाबळेश्वरला नमुने गोळा करील हे स्वाभाविक आहे. त्यात त्याचा काहीही दोष नाही. परंतु पुढे हीच नोंद 'या जातीचे वितरण : पुणे' असे रूप घेते आणि वाचक समजतो की हा कोळी पुण्याचाच. वास्तविक ती संशोधकाच्या वास्तव्याची खूण असते. आमच्या नकाशावरील ठिपक्यांची दाटी बरीचशी अशीच होती.

आकडा वाढतो म्हणजे काय वाढते?

एकूण भारतीय कोळ्यांचे आकडे पाहू. टिकादरांच्या १९८७ च्या यादीत ४३ कुलांतील १०६७ जाती होत्या. सिलीवाल, मोलूर आणि बिस्वास यांच्या २००५ मधील यादीत ५९ कुले व १४४२ जाती आल्या. केसवानी आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील यादीत हा आकडा १६८६ झाला. म्हणजे पंचवीस वर्षांत सहाशेहून अधिक जातींची भर पडली. कोळी वाढले नाहीत, पाहणे वाढले. जगाच्या पातळीवरही हेच चालू आहे : स्वित्झर्लंडमधील बर्न येथून सांभाळल्या जाणाऱ्या जागतिक कोळी सूचीने एप्रिल २०२२ मध्ये पन्नास हजार जातींचा टप्पा ओलांडला.

वर्गात हे समजाविण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. एका पिशवीत तूर, मूग, हरभरा, ज्वारी, मटकी, वाटाणा असे दहा-बारा प्रकारचे दाणे मिसळावेत. काही भरपूर, काही मोजकेच. विद्यार्थ्यांनी न पाहता प्रत्येक वेळी वीस दाणे काढावेत आणि आतापर्यंत किती प्रकार मिळाले ते फळ्यावर आलेखाने दाखवावे. आरंभी आलेख झपाट्याने चढतो, मग हळूहळू सपाट होतो. सपाट झाला की यादी पूर्ण होत आली असे समजावे. अजून चढत असेल तर पिशवीत न पाहिलेले बरेच काही आहे. भारतीय कोळ्यांचा आलेख अजून चढतोच आहे. म्हणून आजचा कोणताही आकडा 'इतक्या जाती आहेत' असा न वाचता 'निदान इतक्यांना नावे मिळाली आहेत' असा वाचावा. पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे नेमकी येथेच घसरतात.

'महाराष्ट्र' म्हणजे नेमके कोठे?

याद्यांमध्ये वितरण बहुधा राज्याच्या नावाने दिले जाते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर परभणीला सरासरी हजाराच्या आतच. एकीकडे जांभा खडक आणि सदाहरित वन, दुसरीकडे उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी काळी माती. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगे आहेत. 'महाराष्ट्र' या एका शब्दाने ती दोन्ही झाकली जातात.

'फक्त भारतात आढळणारी जात' या शेऱ्याचेही तसेच. एका ठिकाणच्या एक-दोन नमुन्यांवरून नाव मिळालेली आणि त्यानंतर कोणी न शोधलेली जात आपोआप या सदरात पडते. तिला राजकीय सीमा ठाऊक नसते. भातशेतीत तुडतुडे खाणारा म्हणून ज्याची आशियाभर ख्याती आहे, तो पार्डोसा स्यूडोॲन्युलाटा पाहा. त्याचे मूळ वर्णन १९०६ मध्ये जपानी नमुन्यांवरून झाले आणि आज तो भारतापासून जपानपर्यंत ज्ञात आहे. तो सर्वत्र माहीत झाला, कारण भाताच्या किडींसाठी सर्वत्र शोध घेतला गेला. कोरडवाहू शेतातील त्याच्या भाऊबंदांना ते भाग्य लाभलेले नाही.

एका निळ्या कोळ्याची गोष्ट

ठिपका नकाशावर असूनही तो फसवू शकतो. याचे उदाहरण वेगळ्या कुलातील आहे, पण बोधप्रद आहे. पोकॉकने १८९९ मध्ये पोसिलोथेरिया मेटॅलिका या झाडावर राहणाऱ्या, धातूसारख्या निळ्या रंगाच्या मोठ्या कोळ्याचे वर्णन केले. नमुना आंध्रातील गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळाला होता. पुस्तकांत ठिकाण लागले, गुत्ती. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणास दिसला नाही. अखेर २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, तो पूर्व घाटात नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. पहिला नमुना लाकडांबरोबर रेल्वेने गुत्तीस आला असावा, असा तर्क आहे. आज ही जात अत्यंत संकटग्रस्त म्हणून गणली जाते. जंगल एका ठिकाणी तुटत होते आणि ठिपका दुसऱ्या ठिकाणी होता. चुकीचा नकाशा असा महाग पडतो.

आमचीही चूक

दुसऱ्यांच्या याद्यांवर लिहिताना आपली यादी लपविणे बरे नव्हे. डॉक्टरेटनंतर लगेच आम्ही एका जिल्ह्यातील कोळ्यांवर छोटा निबंध लिहिला होता. प्रत्यक्षात आम्ही एका शैक्षणिक संस्थेच्या आवारात चार संध्याकाळ फिरलो होतो, तेही एकाच महिन्यात. शीर्षकात मात्र सबंध जिल्हा होता. किती तास शोधले, किती जण होतो, कोणत्या जागा सोडल्या, यांतील काहीही त्यात नव्हते. पुढे दोन निबंधांत आमचा आकडा 'त्या जिल्ह्यातील जातींची संख्या' म्हणून उद्धृत झाला. कोणी हटकले नाही. आज आम्हांस वाटते की हटकावयास हवे होते.

आता मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे मोठ्या संख्येने जमू लागली आहेत. त्यांचे स्वागत आहे. पण त्यांतही शहरे, घाट आणि अभयारण्ये यांचीच गर्दी होते. शिवाय पाठीच्या छायाचित्रावरून लांडगा कोळ्याची जात बहुधा ठरत नाही. साधन नवे असले तरी दोष जुनाच राहू शकतो.

झरीला काय करता येईल?

मूळ प्रश्नाकडे वळू. 'आमच्याकडे हे कोळी नाहीत का?' याला तीन निरनिराळी उत्तरे असू शकतात : शोधले आणि सापडले, शोधले आणि सापडले नाहीत, शोधलेच नाही. नकाशावरील मोकळ्या जागेत दुसरे आणि तिसरे उत्तर एकत्र मिसळून जातात. त्यांना वेगळे करणे हे शाळेच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्यासाठी जातीचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही.

चार जागा निवडाव्यात : कापसाचे रान, गवताचा बांध, ओढ्याचा काठ आणि शाळेचे मैदान. प्रत्येक ठिकाणी वीस मीटर लांब व एक मीटर रुंद पट्टी दोरीने आखावी. अंधार पडल्यावर एका तासाने, बॅटरी कपाळाशी धरून पंधरा मिनिटे डोळ्यांची चमक मोजावी. दवाचे थेंबही चमकतात, पण जवळ जाऊन पाहिले की फरक कळतो. तारीख, वेळ, पीक, पाऊस, फवारणी केव्हा झाली आणि मोजणारे किती, हे दर वेळी लिहावे. महिन्यातून एकदा याप्रमाणे वर्षभर करावे. एकही चमक दिसली नाही तर रकाना मोकळा न सोडता त्यात शून्य लिहावे. मोकळा रकाना म्हणजे कोणी गेलेच नाही. शून्य म्हणजे गेलो, पाहिले आणि मिळाले नाही. कोळ्यांना हाताने पकडू नये, आणि रात्री रानात जाताना पायांत बूट व सोबत मोठी माणसे असावीत, कारण बांधावर सापही असतात.

वर्षअखेर त्या वहीत एकही लॅटिन नाव नसेल. तरी फवारणीनंतर कापसातील चमक किती घटली, बांधावर ती टिकली का, उन्हाळ्यात भेगांमध्ये काय दिसले, हे तीत असेल. ही माहिती आज कोणत्याही राष्ट्रीय यादीत नाही. शेतात किडी खाणारे हे प्राणी आपण नाव घेण्याआधीच गमावीत आहोत की नाही, याचे उत्तरही अशाच वह्यांतून मिळू शकते. पुढे कोणी अभ्यासक नमुने तपासून नावे देईल, तेव्हा कोठे आणि केव्हा शोधावे हे त्याला झरीची वही सांगेल.

आम्ही आमचा नकाशा बदलला आहे. जेथे कोणी शोध घेतल्याचे आम्हांस आढळले नाही तो सारा भाग आता करड्या रंगाने भरला आहे. देशाचा बराच भाग करडा झाला. पुढील व्याख्यानास हाच नकाशा नेऊ. शिक्षकमित्रांना विनंती, की वर्गात कोणत्याही प्राण्याचा वा वनस्पतीचा वितरणाचा नकाशा दाखविताना विद्यार्थ्यांस आधी एवढेच विचारावे : यात करडा रंग कोठे कोठे भरावा लागेल?